रक्तावरची साय

आतबाशी, ३ नोव्हेंबर

तेमिराली,

डबा पोचला. कुबातनं ट्रक दारात उभा केला, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि दर वर्षीसारखं म्हणाला, "आबा, निरोप काही नाही. नुसता डबा." मी म्हटलं, "ठाऊक आहे रे बाबा. माझा धाकटा भाऊ तोंडानं बोलत नाही, दुंब्या मेंढ्याच्या चरबीदार शेपटानं बोलतो." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत केली.

तू घाटावर अकसायला जाऊन राहिलास त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात मला खोकला धरला होता. तुला वर कुणी सांगितलं देव जाणे. तेव्हापासून बर्फाच्या तोंडाला शेपटाच्या चरबीचा डबा येतो, आणि हिवाळ्यात पुढं आणखी एखादा. काठोकाठ भरलेला, वर फडकं बांधलेलं, आणि गाठ आईसारखी, डावीकडून घातलेली. छातीला आईनं आपल्याला हेच औषध दिलं, तिच्या आईनं तिला. तुझी वहिनी, बुरुलचा, रोज सकाळी गरम दुधात चमचाभर विरघळवून देते. गेल्या हिवाळ्यापासून दोन चमचे देते. छाती उत्तम आहे.

हल्ली पुलावर जरा थांबतो. नदी बघायला. या वयात माणसानं अधूनमधून नदी बघावी.

तोरू घोडा मजेत आहे. दात झिजलेत, पण कान तसेच टवकारतो. जाताना "ठेव तुझा सांगाडा तुझ्याजवळ" म्हणून माझ्या अंगणात बांधून गेलास, तो सांगाडा आता माझ्यापेक्षा देखणा दिसतो. शर्यतीच्या दिवशी मी चारचौघांत बोललो ते बोललो: "तेमिराली, माया करून करून तू या घोड्याला गुदमरवलंस!" मी शर्यतीसाठी त्याच्या अंगावरची चरबी उतरवत होतो आणि तू मागल्या दारानं तोबरा भरत होतास, त्याचे भुकेले डोळे बघवत नाहीत म्हणून. चढावर त्याचा श्वास अडला, नाकातून रक्त आलं. तुझं उत्तरही सगळ्या मैदानानं ऐकलं. "दादा, दुसऱ्यांच्या घोड्यांची चरबी उतरवत फिरतोस, आधी स्वतःच्या पोटाकडे बघ! ज्या दिवशी धाप न लागता हा घाट चढून माझ्या दारात येशील त्या दिवशी मी तुझा लगाम धरीन. तोवर नाही."

आणि ज्या दारात धाकटा लगाम धरायला बाहेर येत नाही, त्या दारात थोरल्यानं घोड्यावरून उतरू नये. ही रीत मी मोडणार नाही. तू तर नाहीच नाही.

येत्या उन्हाळ्यात येईन म्हणतो. घोडामैदान जवळच आहे.

तुझा दादा,
ओसमोनकुल


बिश्केक, २० डिसेंबर

तेमिराली,

राजधानीतून लिहितोय हे बघून घाबरू नको. घाबरणारा तू नव्हेसच म्हणा.

झालं असं, की तोरूच्या खोगिराचा तंग आवळत होतो. घोड्यानं पोट फुगवलं, मी जोर लावला, आणि पुढचं मला आठवत नाही. बुरुलचा म्हणते, ओठ जांभळे पडले होते, तुतीचा मुरंबा खाल्ल्यासारखे. तिच्या भाच्यानं मोटार काढली आणि इथल्या छातीच्या दवाखान्यात आणून टाकलं. खाटेवर पडून आहे. शेजारचा म्हातारा घोरतो ते आपल्या जुन्या याकाची आठवण यावी असं.

डॉक्टरीण आपल्या नारिनकडची आहे, सायकाल नाव. वयानं माझ्या नातीएवढी, पण आवाजात जरब. काल सकाळी एक काचेची नळी घेऊन आली. म्हणाली, "आबा, ओळखा बघू हे काय."

मी बघितलं. खाली पातळ, वर बोटभर पांढरं. म्हटलं, "दूध आहे. वर साय धरलीय. गाय चांगली दिसते."

"गाय नाही आबा. हे तुमचं रक्त आहे. त्यातला लाल भाग काढून रात्रभर थंडीत ठेवलं होतं."

तेमिराली, मी जन्मभर घोड्यांचा घाम बघत आलो. सुस्त घोड्याचा पहिला घाम दाट येतो, पांढरा, फेसाळ, बोटाला चिकटणारा. झूल घालून फिरवत राहिलं की तो पातळ होत जातो. झऱ्याच्या पाण्यासारखा निवळ झाला की समजावं, घोडा तयार. शर्यतीच्या मैदानात दहा कोस लांबून मी सांगायचो, कुणाच्या घोड्याला आतून चरबी चढलीय. आणि माझ्या स्वतःच्या अंगात हे दही फिरत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी विचारलं, "पण पोरी, माझं दुखणं छातीचं. रक्ताला काय विचारतेस?"

ती खाटेवर टेकली. म्हणाली, "आबा, फुप्फुसात रक्त केसाहून बारीक वाटांनी जातं. तिथं ते हवा उचलतं आणि पुढं निघतं. वाट तीच आहे. पण पाणी वाहायचं तिथं तुम्ही साय ढकलताय. रक्त सावकाश सरकतं, हवाही नीट उचलत नाही, वाटांच्या भिंतीसुद्धा आतून सुजतात. आणि ढकलायचं कुणी? हृदयानं. त्याची उजवी बाजू दमलीय बिचारी. फुप्फुसातला दाब चढलाय."

"सगळं चरबीनं?"

"नाही. चरबी एकटी गुन्हेगार नाही. वय आहे, उंचीवरचा जन्म आहे, शेणीचा धूर आहे, तुमची तंबाखू आहे. पण वय मला उतरवता येत नाही. चरबी उतरवता येते."

मग मी मुद्द्याचं विचारलं. म्हटलं, उन्हाळ्यात मला अकसायला जायचंय. घाट चढून, घोड्यावरून. तिनं मान हलवली. वर हवा विरळ. विरळ हवेत फुप्फुसातल्या वाटा आपसूक आवळतात, कुणी तंग ओढावा तशा. धडधाकट माणूस ते सोसतो. माझ्यासारख्यानं या रक्तानिशी वर पाऊल ठेवलं तर खाली आणायला दुसरेच येतील.

"म्हणजे कधीच नाही?"

"रक्त निवळलं आणि छातीतला दाब उतरला तर बघू. नाही तर कधीच नाही."

इथंच घोडं पेंड खातं.

शेवटी तिनं विचारलं, "इतकी चरबी तुम्हाला घालतं कोण?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

ओसमोनकुल


आतबाशी, २८ जानेवारी

तेमिराली,

घरी आलोय. गोळ्या दिल्यात, त्या घेतो. तंबाखूची पिशवी बुरुलचानं चुलीत घातली, तिचा धूर मात्र मनापासून ओढून घेतला मी. बोकडाचं मांस नाही, लोणी नाही, साय नाही. मला जवाची पेज आणि उकडलेलं सलगम. तोरूला माझ्यापेक्षा बरी चंदी मिळते.

आता खरं लिहितो. बुरुलचानं मला दवाखान्यातून आणलं तेव्हा घरातला डबा तिनं शेजारणीला देऊन टाकला होता. पण तुझ्याकडचा दुसरा डबा वाटेवर होता. कुबात आला तेव्हा ती नदीवर होती. मी डबा तबेल्यात नेला, लोकरीच्या जुन्या नमद्याखाली ठेवला. आणि रोज सकाळी तोरूला दाणावैरण करायला गेलो की एक चमचा.

का, ते विचारू नको. चव म्हणून नव्हे.

परवा ती तबेल्याच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, इतका वेळ काय करताय?"

"खोगिराला चरबी चोळतोय."

"खोगिराला चोळताय, तर मिशी का चकाकतेय?"

मग जे झालं ते झालं. तिनं नमदा उचलला, डबा काढला. म्हणाली, "मी मूर्ख, माझ्या हातानं दोन दोन चमचे घातले, औषध म्हणून. मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर आता माहीत आहे! आणि हा पाठवणारा भाऊ आहे की वैरी?"

मी ओरडलो. या घरात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. "एवढ्या वर्षांत त्यानं मला पाठवलेलं हे एवढंच आहे!"

तोरू दचकला. बुरुलचा गव्हाणीच्या काठावर बसली. मग झग्याला हात पुसत म्हणाली, "मग हे त्याला लिहा की."

"काय लिहू?"

"की दादा जिवंत हवा असेल तर डबा पाठवू नको."

तर हे लिहिलं. तेमिराली, तुझं औषध नको झालंय असं नाही. तू पाठवलेलं काही नको झालं नाही. पण हे मी खात राहिलो तर तुझा घाट मला चढता येणार नाही, आणि मला तो चढायचाय. एवढंच डोक्यात ठेव. बाकी काय समजायचं ते समज.

बुरुलचानं कालपासून मला ताब्यात घेतलंय. म्हणते, "एवढे घोडे तयार केलेत, तुम्हाला तयार करायला काय हरकत आहे?" सकाळी अंगावर नमद्याची झूल टाकते, हातात माझाच चाबूक घेते आणि पुलापर्यंत माझ्या मागून चालते. मी थांबलो की म्हणते, "हां, नदी बघताय वाटतं?" गावातली पोरं कुंपणावर बसून बघतात. एकानं विचारलं, "आजी, शर्यत कधी?" ही म्हणाली, "उन्हाळ्यात. पैज लावायची तर आत्ताच लाव, पुढं भाव वाढेल."

ओसमोनकुल


आतबाशी, २५ फेब्रुवारी

तेमिराली,

डबा मिळाला. पूर्वीच्या दुप्पट आहे. कुबातला एकट्याला उचलवेना.

आणि या वेळी निरोपही आला. कुबातनं टोपी काढून, घसा खाकरून, अगदी तुझ्या आवाजात सांगितला: "दादाला म्हणावं, बिश्केकची हवा लागली काय? आईचं औषध आता कडू लागतं होय?"

बुरुलचाचा असा भडका उडाला की कुबात चहा न पिताच ट्रकमध्ये जाऊन बसला. मी मात्र अंगणात उभा राहून हसत होतो. तिला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तिला काय सांगू? इतक्या वर्षांनी मी तुझा आवाज ऐकला होता. शिवीसारखा का होईना, पण माझ्यासाठी बोललेला.

त्या डब्यापुढं मी बसलो. फडक्याची गाठ सोडली. पांढरीशुभ्र चरबी, वास असा की आई दारात उभी आहे असं वाटावं. चमचा बुरुलचानं दडवला होता, पण बोटं काही दडवता येत नाहीत.

तेव्हा मला तोरूचे डोळे दिसले. शर्यतीआधीचे, भुकेले. आणि प्रथमच तूही दिसलास, मागल्या दारानं तोबरा घेऊन येणारा. मी इतकी वर्षं समजत होतो, तुला घोड्याची अक्कल नाही. अक्कल होती रे. तुला नुसतं बघवत नव्हतं. ज्याच्यावर जीव आहे त्याला उपाशी ठेवायचं काळीज तुझ्याजवळ नव्हतं, आजही नाही. म्हणून मी चरबी नको म्हटलं की तू दुप्पट पाठवतोस.

पण तेमिराली, मी त्या दिवशी तोरूला उपाशी ठेवत होतो ते वैर म्हणून नव्हे. त्याला घाट चढायचा होता.

डबा मी फुकट घालवला नाही. सगळी खोगिरं, लगाम, रिकिबींचे पट्टे, चाबकाच्या वाद्या, शेजाऱ्यांच्या पोरांचे बूटसुद्धा त्यानं चोळून काढले. आतबाशीत आज माझ्या सामानासारखं चामडं कुणाचं नाही. हात लावला तर निसटतं. त्या खोगिरावर बसून मी येणार आहे. म्हणजे तुझी चरबी माझ्यासोबतच येते आहे. फक्त बाहेरून.

आता आम्ही पुलापलीकडे गिरणीपर्यंत जातो. काल मी नदी बघायला थांबलो नाही. नदी काही पळून जात नाही.

ओसमोनकुल


आतबाशी, १७ एप्रिल

तेमिराली,

तुझा डबा आला. रिकामा.

फडकं बांधलेलं, गाठ डावीकडून, आणि आत काही नाही. घासून धुतलेला, तळ आरशासारखा. कुबात म्हणाला, "निरोप काही नाही आबा. पण हे देताना तुमचा भाऊ बराच वेळ डबा हातात धरून उभा होता."

बुरुलचा म्हणते, राग आहे. म्हणते, संबंध तोडला म्हणून रिकामा डबा पाठवलाय. मी दोन दिवस तो डबा फिरवून फिरवून बघितला. मला नाही तसं वाटत. राग असता तर घासला नसतास.

बिश्केकला जाऊन आलो. सायकालनं पुन्हा रक्त काढलं, रात्रभर थंडीत ठेवलं, सकाळी नळी घेऊन आली. खिडकीशी उजेडात धरली. वर नखाएवढा पांढरा पट्टा होता. खाली पिवळसर, कोऱ्या चहासारखं, पलीकडची खिडकी दिसत होती!

मी म्हटलं, "पोरी, दुसऱ्या घामावर आलोय. अजून एक-दोन लागतील."

ती म्हणाली, "कसला घाम?"

मग तिला मी सगळं सांगितलं. झूल, चाबूक, बुरुलचा, गिरणी. ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून दुसरा डॉक्टर बघायला आला. ती म्हणाली, गोळ्यांचं काम गोळ्यांनी केलंच, पण बाकीचं श्रेय तुमच्या चाबूकवालीला. आणि पुन्हा विचारलं, "आता तरी सांगा, चरबी कोण घालत होतं?"

या वेळी सांगितलं. म्हटलं, "माझा धाकटा भाऊ. त्याच्याइतकी माया मला कुणी केली नाही."

तिनं नळी खिडकीत ठेवली. मग विचारलं, "तो स्वतःही हेच खातो?"

म्हटलं, "तो तर चहातही घालतो."

"मग आबा, एकदा त्यालाही घेऊन या. एका आईची लेकरं. हे घराण्यातही चालत येतं."

छातीतला दाब उतरलाय, पण तिला हवा तितका नाही. जूनमध्ये पुन्हा बघणार आहे. तोवर उन्हाळा लागेल. माझा भाव किती वाढलाय ते तुला कुंपणावरची पोरं सांगतील. एकानं माझ्यावर पैजेला कोकरू लावलंय.

रिकामा डबा मी परत पाठवतोय. आत जर्दाळू आहेत, आमच्या झाडाचे, वाळवलेले. डबा रिकामा परत करू नये, हे आईनं आपल्याला दोघांनाही शिकवलंय. तू ते विसरलास की मुद्दाम विसरलास?

ओसमोनकुल


घाटाचा पायथा, ६ जुलै

तेमिराली,

हे पत्र कुबात आज पुढं घेऊन जाईल. मी उद्या पहाटे निघतो. उद्या दुपारी तुझ्या दारात असेन.

सायकालनं हो म्हटलंय. जूनमधली नळी बघायला हवी होतीस तू. वर काही नाही. काठापासून तळापर्यंत एक रंग, आपल्या झऱ्याच्या पाण्यात मध विरघळवल्यासारखा. यंत्रानं छातीत डोकावून बघितलं, म्हणाली, दाब जवळजवळ जागेवर आलाय. तरी अटी घातल्यात: एका दमात चढायचं नाही, पायथ्याशी दोन रात्री काढायच्या, वर चार दिवसांवर राहायचं नाही, बोटाला लावायचा, रक्तातली हवा मोजणारा एक चिमटा दिलाय, त्यावरचा आकडा उतरला की मुकाट खाली फिरायचं. "मुकाट" हा तिचा शब्द. मी म्हटलं, "बुरुलचाशी ठरवून बोलतेस का गं?"

इथल्या मेंढपाळाकडे उतरलोय. काल संध्याकाळी तुझ्या डब्यानं मला इथंच गाठलं. जर्दाळूंच्या जागी याकाचं सुकं मांस, एका धाग्याएवढीही चरबी नसलेलं, नखानं खरवडून काढलेलं. आणि भाजलेल्या जवाचं पीठ. तेमिराली, मी ते मांस उन्हात धरून बघितलं. चरबीचा एक कण तू ठेवला नाहीस. हे काम करायला तुला किती दिवस लागले असतील ते मला ठाऊक आहे, आणि ते करताना तुझा जीव किती तुटला असेल तेही.

पण लगामाबद्दल तू अजून चकार शब्द काढलेला नाहीस.

म्हणून मी माझ्या बाजूनं स्पष्ट लिहितो. मी तोरूवर बसून येईन. तुझ्या दारासमोर थांबेन. श्वास ऐकायचा तर ऐकून घे. तू पुढं येऊन लगाम धरलास तर मी उतरेन. नाही धरलास तर मी तुझ्या हातचं पाणी न पिता घोडा वळवीन आणि खाली निघून जाईन. वाईट वाटून घेणार नाही असं खोटं लिहीत नाही.

आणखी एक. मेंढा कापशील, ठाऊक आहे. डोकं माझ्यापुढं ठेवशील, शेपूट ठेवशील. ठेवू नको म्हणणार नाही. थोरल्या पाहुण्यापुढं शेपूट नाही ठेवलं तर अख्खं अकसाय तुला नावं ठेवील, आणि पुढं ठेवलेलं पाहुण्यानं लोटलं तर मला. तेव्हा तू बिनधास्त ठेव. पुढचं मी बघतो.

तोरू आत्ता दाराबाहेर उभा आहे. घाटाकडे तोंड करून. त्याला वाट आठवतेय.

तुझा दादा,
ओसमोनकुल


अकसाय, १० जुलै

बुरुलचा वहिनी,

मला लिहिता येत नाही फारसं, तुम्हाला माहीत आहे. पण दादा म्हणतो, आता तू लिही, माझा हात दुखला इतकी वर्षं. म्हणून लिहितो.

तुमचा घोडा पोचला.

दुपारी कुत्री भुंकली. मी बाहेर आलो नाही आधी. आत उभा राहून ऐकत होतो. आमची ही, सुरमा, म्हणाली, "अहो जा ना, दगड झालात का?" मी म्हटलं, "थांब. श्वास ऐकू दे." टापा जवळ आल्या, थांबल्या. मी तोरूचा श्वास ऐकला, ठीक होता. म्हाताऱ्या घोड्याला शोभेल असा. आणि दादाचा ऐकायला लागलो. ऐकूच येईना. वहिनी, मी घाबरलो. वाटलं, खोगिरावरच काही झालं की काय. तसाच धावत बाहेर आलो, एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

तर हा खोगिरावर ताठ बसलेला. ओठ लाल. वाऱ्यात मिशी उडतेय. गावाला जाऊन आल्यासारखा माझ्याकडे बघतोय. म्हणाला, "काय रे, एका बुटावर आलास?"

मी लगाम धरला. दोन्ही हातांनी धरला. हातातून निसटत होता, इतका तेलकट. म्हटलं, "दादा, हे काय लावलंयस?" म्हणाला, "तूच पाठवलंस."

मग तो उतरला. रिकिबीला मी हात लावला होता पण त्याला आधार लागला नाही, खोटं लिहीत नाही. उतरल्यावर त्यानं माझ्या मानेत हात घातला. तयार घोड्याचा घाम जिभेवर बघायचा ही त्याचीच शिकवण. मी त्याच्या गालावरचा बघितला. अगदी निवळ होता. सगळा घामच होता असं नाही, पण ते असू दे.

त्या बोटाच्या चिमट्यावरचा आकडा सुरमा दर तासाला बघते. अजून तरी खाली गेलेला नाही. गेला तर मी स्वतः खाली आणीन, काळजी नसावी.

आता मेंढ्याचं. शेजारचे सगळे आले होते. डोकं दादापुढं ठेवलं, शेपूट ठेवलं. सगळे बघत होते, मी तर श्वासच धरला होता. दादानं सुरी घेतली, शेपटाचा चांगला मोठा तुकडा कापला, हातात घेतला, आशीर्वाद म्हटला. आणि हाक मारली, "कुठं आहेत रे या घरातली पोरं?" माझी नातवंडं आली रांगेनं. थोरल्यानं आपल्या हातानं घास भरवायचा, ही रीत मीच विसरलो होतो. प्रत्येकाच्या तोंडात त्यानं आपल्या हातानं चरबी घातली. मग सून, तिला तान्हं आहे. मग शेजारची पोरं. सगळं घर हसत होतं, तोंडं चकाकत होती. कुणाला कळलंही नाही की पाहुण्यानं स्वतः एक कण खाल्ला नाही. अपमान कसला, आमच्या घराचा मान झाला.

शेवटचा तुकडा उरला. मला वाटलं, आता हा खाणार. तो उठला, माझ्यापुढं आला, लहानपणी भरवायचा तसा माझ्या तोंडात घातला आणि कानात म्हणाला, "हा तुझा शेवटचा."

तर वहिनी, चार दिवस झाले की आम्ही खाली येतोय. दोघंही. तो म्हणतो, माझ्याही रक्तावर साय असणार, त्या पोरीनं बोलावलंय. मी म्हटलं, मी धडधाकट आहे. तो म्हणाला, "तोरूही तसंच म्हणत होता."

चाबूक आहेच तुमच्याकडे. नमद्याची दुसरी झूल काढून ठेवा.

तेमिराली